दिगंबरची फळी

शैलाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला जे दार आहे, त्याला भोकंच भोकं आहेत. स्क्रूची भोकं, रांगेनं पाडलेली. पिल्लं त्यातून चोची बाहेर काढतात. नवीन माणूस आला की विचारतो, हवा जावी म्हणून पाडली का? शैला हो म्हणते. कोण सांगत बसणार.

ते दार आधी फळी होती. दिगंबरच्या पडवीच्या भिंतीला कित्येक वर्षं ती टांगलेली होती, आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत कितीतरी विहिरींवरच्या मोटरी त्या फळीच्या जिवावर चालत होत्या. त्या विहिरीवाल्यांना आता ते आठवत नाही. मला आठवतं, कारण शेळगावात आमच्या वस्तीवर माझं घर त्याच्या घरासमोर आहे आणि या वयात पडवीत बसण्यापलीकडे मला फारसं काम नाही. मी चौथीपर्यंत शिकले. तारांमधलं मला काही कळत नाही. पण एका माणसाला लोकांनी कसं कोरडं केलं ते मी समोर बसून पाहिलं, आणि तेवढं लिहायला चौथी पुरते.

दिगंबर अंगानं किडकिडीत, जरा पुढं वाकलेला. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर. लग्नाच्या फोटोत हाराच्या फुलांमधून टेस्टरचं पिवळं टोक दिसतं. त्यावरून त्याची सासू रुसली होती. बारामतीला एका कंपनीत मशिनं दुरुस्त करायच्या कामावर तो होता, अजून आहे. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. रविवार तेवढा त्याचा.

बोलायला तुसडा. गोड बोलून काम करून घ्यायचं किंवा गोड बोलून काम टाळायचं, हे दोन्ही त्याला जमत नव्हतं. त्याच्या तोंडून ‘हो’ काढणं म्हणजे आडातून गाय काढण्यासारखं. पाऊस येईल का, भाव चढेल का, पोरगी पास होईल का, काहीही विचारा. “बघितल्याशिवाय सांगता येत न्हाय.” त्याची बायको शैला म्हणायची, मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही हे माझ्यासमोर बसून असंच म्हणाले होते. गावातली टारगट पोरं त्याची नक्कल करायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

आणि एक सवय. मोटर चालू झाली की तो मोटरीकडे बघायचा नाही, मान वाकडी करून ऐकायचा. मोटरीनं पाणी धरलं की आवाज जड होतो, तोवर तो जागचा हलायचा नाही. कुणाचीही मोटर असो.

आता त्या फळीचं. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि येते म्हणजे कधीही जाते. पूर्वी बटण दाबायला माणूस उठून विहिरीवर जायचा. काट्याकुट्यातून, सापाकिरड्यातून. मग स्टार्टरला जोडायचे डबे आले. लाईट आली की डबा आपला आपण मोटर चालू करतो. विहिरीतलं पाणी संपलं की बंद करतो. मोटर कोरडी फिरली तर जळते, म्हणून चालू करण्यापेक्षा बंद करणं महत्त्वाचं. एका कंपनीनं असले डबे आमच्या भागात खूप खपवले. मग ती कंपनी बुडाली. तिचं मुख्य मशीन लांब कुठल्या शहरात होतं, ते बंद झालं, आणि त्याबरोबर आमच्या विहिरींवरचे डबे मेले. आतलं सगळं सामान धड, पण डबा म्हणजे नुसतं खोकं. लोकांनी कंपनीच्या नावानं बोटं मोडली आणि पुन्हा बॅटऱ्या घेऊन विहिरीवर जायला लागले.

दिगंबरनं स्वतःचा मेलेला डबा पडवीत बसून उघडला. म्हणाला, “आक्का, ह्याचं सामान चांगलं हाय. नुसतं डोकं काढून नेलंय.” मग कितीतरी रविवार तो लॅपटॉपपुढं मान खाली घालून बसला. असल्या डब्यांसाठी जगात आणखी काही लोकांनी निम्मंअर्धं काम फुकट करून ठेवलेलं होतं, ते त्यानं घेतलं, पुढचं आपण लिहिलं, आणि एक दिवस डबा जिवंत झाला. त्या प्रोग्रामचं त्यानं काय केलं, तर सगळ्यांसाठी उघडा ठेवून दिला. कुणीही घ्यावा, आपल्या डब्यात भरावा, आत काय आहे ते बघावं, सुधारावं. पैसा नाही.

मी विचारलं, “मंग ह्यो प्रोग्राम कुणाचा?”

“सगळ्यांचा.”

“आन् बिघडल्यावर?”

तो हसला. क्वचित हसायचा. “तेवढं माझं, आक्का.”

मी त्याला तेव्हाच वेडा म्हणाले. पण त्याच्या डोक्यात काय होतं ते मला इतरांपेक्षा लवकर कळलं, कारण मी सावड पाहिली आहे. आमच्या वेळी कांद्याची लागण असो की खुरपणी, आज आमच्या बायका तुझ्या रानात, उद्या तुझ्या आमच्या. मजुरी कुणी मागत नव्हतं. पण जी दुसऱ्याच्या रानात गेली नाही तिच्या रानातही कुणी येत नव्हतं, आणि त्याला कुणी वाईट म्हणत नव्हतं. दिगंबरला वाटलं होतं, ही सावड आहे. लोकांना वाटलं, हा नळ आहे.

फळी ही त्यानं लोकांकडे मागितलेली सावड होती. डबे काही एका जातीचे नव्हते. पहिल्या कंपनीच्या मागून दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. प्रत्येकीचा डबा आतून वेगळा. एकात चालणारा प्रोग्राम दुसऱ्यात चालेलच असं नाही. म्हणून दिगंबरनं जाड प्लायवूडची फळी आणली, पडवीत टांगली आणि नियम केला. ज्या जातीच्या डब्यात प्रोग्राम हवा, त्या जातीचा एक डबा कुणीतरी या फळीला द्यायचा. कायमचा. फळीखाली पाण्याचं पिंप, पिंपात एक बारकी मोटर. प्रोग्राममध्ये काही बदल केला की तो आधी फळीवरच्या एकेका डब्यात भरायचा, प्रत्येक डबा त्या मोटरीला जोडायचा, पिंपातलं पाणी काढून टाकायचं आणि कोरडी पडल्यावर डबा मोटर बंद करतो का ते बघायचं. मग दुसरा डबा, पुन्हा पिंप भरा, पुन्हा उपसा. रविवार त्यातच जायचा. सगळे डबे पास झाले तरच तो बदल लोकांना मिळायचा.

फळीवरचा पहिला डबा त्याचा स्वतःचा. म्हणजे त्याच्या विहिरीवर डबा नव्हता. ज्या माणसानं गावोगावच्या मोटरी आपोआप चालू केल्या तो स्वतःची मोटर जाऊन बोटानं चालू करायचा. शैलानं त्यावरून किती वेळा भांडण काढलं याची गणती नाही.

सुरुवातीला लोकांनी डबे दिले. दोघा-तिघांनी मिळून एक घेऊन दिला, कुणाकडे जादाचा होता त्यानं दिला. फळी भरत गेली. त्यावरचे हिरवे-लाल दिवे दिवेलागणीला माझ्या पडवीतून दिसायचे. पण फुकट चालतंय ही गोष्ट जसजशी पसरली तसतसे येणारे वाढले आणि देणारे आटले. मोबाईलवर त्याचा एक ग्रुप होता. त्यात कोण कुठला कुणाला ठाऊक. नगरचे, सोलापूरचे, कुठले कुठले. सगळ्यांचं एकच, चालत नाही.

दिगंबर जेवताना ते बोलून पाठवलेले निरोप मोठ्या आवाजात लावायचा. मला समोर ऐकू यायचं. पहिली अर्धी बोलणी शिव्यांची असायची. जमत नसेल तर बंद करा. लोकांच्या पिकांशी खेळता का. उत्तर द्यायला तोंड नाही का. दिगंबर शांतपणे भाकरी मोडत शेवटपर्यंत ऐकायचा. मी म्हणाले, कशाला ऐकतोस रे? तर म्हणाला, “शिव्या संपल्या की माणूस कामाचं बोलतो. कंचा दिवा लागतोय ते शेवटाला सांगतात.” मग उत्तरात त्याचा एकच प्रश्न जायचा, लाल लागतोय का हिरवा? एकानं सकाळपासून डबा बंद म्हणून आईवरून शिव्या दिल्या होत्या. दिगंबरनं विचारलं, लाईट आहे का? तर लाईटच नव्हती. त्या माणसानं नंतर क्षमा मागितली नाही, लाईट आल्याचंही कळवलं नाही.

त्याचे वडील गेले तेव्हा दहाव्याला आम्ही सगळे नीरेच्या काठावर होतो. पिंड ठेवलेले. कावळा झाडावर बसलेला, खाली येईना. उन्हानं सगळे कावलेले. अशा वेळी गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते आठवून जवळचे लोक शब्द देतात. कुणी म्हणालं, थोरल्या नातीचं लग्न करू. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, विहीर आणखी खोल घेऊ. नाही. तेवढ्यात शेजारच्या वाडीचा एक माणूस दिगंबरच्या पाठीशी जाऊन बसला आणि हळू आवाजात त्याला सांगायला लागला, माझ्या मोटरीचा डबा कालपासून बंद आहे, तेवढं बघा. दिगंबर मुंडण केलेला, ओल्या पंच्यावर बसलेला. त्यानं मान वळवली आणि विचारलं, “कंचा दिवा लागतोय?”

शैला एरवी चारचौघांत तोंड उघडत नाही. ती उठली, पिंडासमोर गेली आणि म्हणाली, “मामा, रविवारी तुमच्या ताटाला ताट लावून ह्यांनी जेवावं, एवढंच तुमी मागत व्हता. ते ऱ्हायलं. आता ह्यांचा रविवार घरात जाईल. शिवा.”

कावळा आला.

पुढच्या रविवारी दिगंबरच्या अंगणात नेहमीच्या गाड्या लागल्या. शैलानं कुणाला पाणी विचारलं नाही. दिगंबर पिंप भरत होता.

मग तो नवा डबा निघाला. इंदापूरच्या एका दुकानदारानं तो आणला. बाहेरून हुबेहूब जुन्या डब्यासारखा, तेच झाकण, तोच रंग, पण स्वस्त. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, ह्यात शेळगावचा फुकटातला प्रोग्राम बसतो. त्याच्यावर त्याचा धंदा. दिगंबरला कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी डबे घेतले, प्रोग्राम भरायला गेले, बसेना. मग ग्रुपवर शिव्या दुकानदाराला नाहीत, दिगंबरला. तो सुट्टी टाकून इंदापूरला गेला, दुकानदाराला म्हणाला, एक डबा फळीला द्या, मी बसवून देतो, तुमचाच माल खपेल. दुकानदार म्हणाला, घेऊन जावा की, कुणाच्या नावानं बिल करू? दिगंबर हात हलवत परत आला. यापूर्वी एक-दोन डबे त्यानं पदरच्या पैशांनी आणले होते, पण पोरीच्या कॉलेजची फी आल्यापासून शैलानं ते बंद केलं होतं, आणि बरोबर केलं होतं.

त्या डबेवाल्यांत नवनाथ होता, लासुर्ण्याकडचा. डाळिंबाची बाग. नवनाथचं काही खोटं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. त्याचा भाऊ रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला गेला तेव्हा पाय घसरून विहिरीच्या कडेवरनं पडला, अजून काठी घेऊन चालतो. तेव्हापासून घरातलं कुणी अंधारात विहिरीवर जायचं नाही असं त्याच्या आईनं बजावलं होतं. बागेत फळ धरायची वेळ. अशा वेळी पाण्याचा खंड पडला की कळ्या गळतात. त्याला डबा हवाच होता. फक्त फळीला द्यायला त्याच्याकडे दुसरा नव्हता, आणि चार जणांनी मिळून एक घ्यावा तर चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

तो आधी फोटो पाठवायचा. डब्याचे, तारांचे, झाकणाचे. दिगंबरनं उत्तर पाठवलं, फोटोतली मोटर फिरत नाही. मग नवनाथ स्वतः आला. एकदा नाही, रविवारामागून रविवार. शेवटी एका रविवारी सकाळी डबा घेऊन आला, आणि सोबत तात्यांना घेऊन आला.

तात्या म्हणजे दिगंबरचे चुलत चुलते. वस्तीवर त्यांच्या शब्दाला वजन. त्या पडवीतला त्यांचा बैठकीचा थाट मला आठवतो. मी आपली माझ्या ओट्यावर शेंगा सोलत होते.

दिगंबरनं प्रोग्राम नव्या डब्यासाठी अंदाजानं बदलून ठेवला होता. तो भरला. डबा जागा झाला. बारकी मोटर चालू झाली, बंद झाली, पुन्हा चालू झाली. नवनाथ झाकण लावायला लागला.

दिगंबर म्हणाला, “आजचा दिस डबा हितं ऱ्हाऊ द्या. पिंप पाच-धा येळा उपसून बघायचंय.”

“दुपारी लाईट येती माझी. बागेला पाणी कवा देऊ?”

“आजच्या दिस हातानं चालू करा.”

“तुमी सांगा की माझ्या आईला येऊन.”

मग तात्या बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, “दिगंबर, लोक काय म्हनत्यात ठावं हाय का? म्हनत्यात, जुन्या डब्याच्या कंपन्यांकडनं ह्याला मिळतंय, म्हनून नव्या डब्याला ह्यो न्हाय न्हाय करतोय.”

मी शेंग सोलायची थांबले. शैला दारात होती, ती आत गेली. दिगंबरच्या तोंडावरचा रंग मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेलेला पाहिला. आईवरच्या शिव्या खाऊन भाकरी मोडणारा माणूस, त्याला हे लागलं.

“कोण म्हनतंय?”

“कोण न्हाय म्हनत, ते इचार.”

नवनाथनं डबा पिशवीत घातला. “इंजिनिअर साहेब, एवढंच सांगा. चालंल का न्हाय?”

दिगंबर पिंपाकडं बघत होता. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. सकाळी त्यानंच भरलं होतं.

“हो म्हन की बाबा एकदा,” तात्या म्हणाले. “का तुझ्या तोंडाला जड जातंय?”

“चालंल,” दिगंबर म्हणाला.

नवनाथ गेला. तात्यांनी चहा घेतला. दिगंबरनं ग्रुपवर टाकलं, नव्या डब्यासाठी प्रोग्राम तयार आहे. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. त्या आठवड्यात त्याला कुणी शिवी दिली नाही.

त्या डब्यात मोटर किती जोर लावते ते मोजणारा जो भाग होता, तो हलक्यातला होता. मोटर हलकी फिरली तरी तो जोरातच फिरतेय असं दाखवायचा. चालू-बंद सगळं बरोबर. फक्त पाणी संपलं तर त्याला कळणार नव्हतं. पिंप एकदा उपसलं असतं तर दिसलं असतं. नवनाथच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं, म्हणून काही दिवस निभावलं. मग उन्हं वाढली, पाणी तळाला गेलं, आणि एका दुपारी घरचे सगळे एका बारशाला गेलेले असताना लाईट आली, डब्यानं मोटर चालू केली, पाणी संपलं, आणि मोटर कोरडी फिरत राहिली, जळेपर्यंत. आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून, मोटर भरून मिळेपर्यंत बाग तशीच उभी. कळ्यांचा सडा पडला, असं नंतर ऐकलं.

रविवारी सकाळी नवनाथनं पिकअपमधून ती जळकी मोटर आणली आणि चौघांनी उचलून दिगंबरच्या पडवीत ठेवली. बरोबर फळीखाली, पिंपाच्या बाजूला. मोटरीला तो डबा तसाच तारांनी लटकलेला. जळक्या वार्निशचा वास माझ्या ओट्यापर्यंत आला. वस्तीवरची माणसं जमली. तात्याही आले होते, पण ते मागं उभे राहिले.

नवनाथ ओरडला नाही. म्हणाला, “तुमी म्हनला व्हता, चालंल.”

मी वाट बघत होते की दिगंबर आता तात्यांकडे बघेल. दुकानदाराचं नाव घेईल. डबा ठेवा म्हणालो होतो, तुम्हीच नेला, असं म्हणेल. हे सगळं खरं होतं आणि जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हनलो व्हतो,” दिगंबर म्हणाला. “चूक माझी हाय.”

एवढं ऐकल्यावर गर्दीला जोर चढला. ज्यांचे डबे वर्षानुवर्षं नीट चालत होते त्यांनाही आपलं काहीतरी बिघडलेलं आठवलं. एक जण म्हणाला, फुकटातलं म्हणजे असंच. दुसरा म्हणाला, जबाबदारी घ्यायची नव्हती तर वाटलं कशाला? हा दुसरा त्याच्या मेव्हण्याचा डबा दर उन्हाळ्यात दिगंबरकडे आणायचा. तात्या हळूच निघून गेले. त्यांना जाताना मी हटकलं. म्हणाले, “मी काय त्याच्या तोंडात घातलं का?”

मी म्हणाले, “तुमीच घातलं.” त्यानंतर तात्या माझ्याशी बोलत नाहीत. काही अडलेलं नाही.

मोटर दिगंबरनं बारामतीहून भरून आणून दिली. तोवर नवनाथच्या मोटरीचा डबा त्याच्या पडवीतच राहिला होता, तर त्यानं तो फळीला लावला. जी गोष्ट महिनोन् महिने मागून मिळाली नव्हती ती अशी मिळाली. दोन रविवार पिंप भरलं, उपसलं, भरलं, उपसलं. शैला आतून भांडी आपटत होती. दुसऱ्या रविवारी पिंप कोरडं पडल्याबरोबर मोटर बंद झाली. दिगंबरनं मान वाकडी करून खात्री केली, मग ग्रुपवर टाकलं, चूक दुरुस्त केली आहे, सगळ्यांनी नवा प्रोग्राम भरून घ्या. सगळ्यांनी भरून घेतला. तो आजही चालतो. त्या जातीच्या डब्यानं त्यानंतर कुणाची मोटर जाळली नाही.

तिसऱ्या रविवारी नवनाथ आला. मला वाटलं, काही चांगलं बोलायला आला असेल. तो म्हणाला, “आता चालतोय म्हन्त्यात. माझा डबा न्यायला आलोय.”

दिगंबरनं खिशातला टेस्टर काढला, स्क्रू सोडवले आणि डबा त्याच्या हातात दिला. नवनाथ गेल्यावर तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. मग आत गेला, बाहेर आला, आणि मोबाईलवर काहीतरी लिहिलं. त्याच्या पोरीनं नंतर मला वाचून दाखवलं. दोन-तीन ओळी होत्या. यापुढं मी हे काम करणार नाही. प्रोग्राम पहिल्यासारखा उघडा आहे, कुणीही पुढं चालवावा. फळी आणि पिंप हवं असेल त्यानं घेऊन जावं. ज्यांनी फळीला डबे दिले त्यांनी आपापले परत न्यावेत.

त्यावर जे आलं ते मी ऐकलं. अर्ध्यावर सोडलं म्हणाले. आम्हाला सवय लावली आणि पळाला म्हणाले. एकानं विचारलं, बंद करायच्या आधी माझ्या डब्याचं तेवढं बघाल का? फळी न्यायला कुणी आलं नाही. पुढं चालवायला कुणी आलं नाही. डबे न्यायला मात्र सगळे आले. आठवड्याच्या आत फळी बोडकी झाली. ज्यांनी दिले नव्हते तेही एक-दोघं येऊन घेऊन गेले, हे मी ओळखलं आणि दिगंबरनंही ओळखलं. तो स्क्रू सोडवून देत राहिला.

शेवटी एक डबा उरला, सगळ्यात वरचा, जुना, त्याचा स्वतःचा. शैला म्हणाली, आता तरी हा आपल्या विहिरीवर लावा. तो हो म्हणाला. पटकन म्हणाला, म्हणून मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी कुणी लांबचा माणूस मोटारसायकलवर आला. वीज पडून त्याचा डबा गेला होता. फळीवरच्या एकुलत्या डब्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, “ह्यो कुणाचा हाय? कुणाचा नसंल तर नेऊ का?”

दिगंबर म्हणाला, “न्या.”

शैला तेव्हा रडली नाही. तिनं फळी उतरवली, मधोमध कापून घेतली आणि खुराड्याला दार केलं. पिंप तिनं न्हाणीघरात नेलं.

आता दिगंबर रविवारी घरी असतो. पडवीत बसतो, पेपर वाचतो. शैलाला वाटलं होतं, रविवार परत मिळाला की माणूस परत मिळेल. तो जेवतो, ताटाला ताट लावून जेवतो, पण बोलत नाही. कुणी डब्याचं काही विचारायला आलं तर “मला आता त्यातलं कळत न्हाय” म्हणतो. लोक म्हणतात, त्याला घमेंड आली.

गेल्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. रविवारच होता. मी बांधावर शेळी चारत होते. दिगंबर डोक्याला टॉवेल गुंडाळून विहिरीकडं निघाला होता, लाईट यायच्या वेळेला जाऊन थांबायला. तो अजून वाटेतच होता तेवढ्यात लाईट आली. चहूकडच्या विहिरींवरच्या मोटरी एकामागून एक लागल्या. तात्यांची लागली. माझी लागली. माझ्या डब्यात अजून त्याचाच प्रोग्राम आहे.

तो थांबला. माझ्या विहिरीकडं तोंड करून मान वाकडी केली. माझी मोटर या दिवसांत पाणी धरायला वेळ लावते. तो तसाच उन्हात उभा. मग आवाज जड झाला. त्यानं टॉवेल नीट केला आणि स्वतःच्या मोटरीचं बटण दाबायला पुढं गेला.